काडीमोड ते घटस्फोट : विवाहातून सुटकेच्या वाटांचा इतिहास

महाराष्ट्रातील स्त्रीप्रश्नाचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास प्रायः बालविवाह, केशवपन, विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण या विषयांभोवती लिहिला गेला आहे, आणि त्यांतील बरेचसे प्रश्न ब्राह्मण व तत्सम जातींच्या घरांत अधिक तीव्र असल्यामुळे, नवरा हयात असताना नकोशा झालेल्या संसारातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रीचा प्रश्न त्या लेखनात काहीसा कडेला राहिला आहे. मारहाण, उपासमार किंवा दुसरी बायको ही दुःखे निदान चारचौघांत सांगता येण्याजोगी होती. परंतु जिथे नवरा-बायकोची मने मुळात जुळलीच नाहीत, अबोला आणि धाक यांखेरीज घरात दुसरे वातावरण नाही आणि सासुरवास हीच दिनचर्या आहे, तिथली घुसमट सांगावी कोणाला आणि तिच्यावर उपाय काय, याचे उत्तर जातीनुसार व काळानुसार बदलत गेले. हिंदू स्त्रीला विवाहातून सुटण्याची वाट पूर्वी कधीच नव्हती आणि ती आधुनिक कायद्याने प्रथम दिली, ही समजूत या संदर्भात अर्धीच खरी ठरते. अनेक जातींत अशी वाट रूढीने होती, इंग्रजी अमलात ती अरुंद झाली, आणि विसाव्या शतकात कायद्याने ती पुन्हा मोकळी केली तेव्हा तिच्या अटी बदललेल्या होत्या.

ही रूढी म्हणजे काडीमोड. जातीच्या पंचांसमोर गवताची काडी मोडून विवाहसंबंध संपल्याचे जाहीर करण्याची ही रीत कुणबी, माळी, धनगर, कोळी इत्यादी शेतकरी व कष्टकरी जातींत प्रचलित होती. लेखी कागद करायचा असल्यास त्याला सोडचिठ्ठी किंवा फारकत म्हणत, आणि तो कागद हाती असलेल्या स्त्रीला दुसरा घरोबा करण्यास जातीची आडकाठी नसे. अशा स्त्रीच्या किंवा विधवेच्या दुसऱ्या विवाहाला पाट किंवा मोहतर ही नावे होती. पहिले लग्न वाजतगाजत, मांडवाखाली, सवाष्णींच्या गराड्यात लागे, तर पाट बहुधा रात्रीच्या वेळी, मोजक्या माणसांच्या उपस्थितीत, सवाष्णींना दूर ठेवून लावला जाई. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोइतका मान नसला तरी तिचा संसार रीतसर समजला जाई आणि तिची मुले औरस मानली जात. म्हणजेच समाजाने या दुसऱ्या विवाहाची पायरी खालची ठेवली होती, पण त्याचे दार बंद केले नव्हते.

या व्यवस्थेची दखल राजसत्तेनेही घेतली होती. मराठेशाहीतील करांच्या यादीत पाटदाम या नावाची बाब आढळते. पाट लावल्याबद्दल सरकारने घ्यावयाचा हा कर होता, आणि ज्या गोष्टीवर कर बसतो ती नित्य घडणारी व सरकारमान्य असते, हे उघड आहे. पेशवाई संपल्यानंतर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या प्रोत्साहनाने आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींची माहिती गोळा केली आणि ती १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली; त्या ग्रंथात निरनिराळ्या जातींतील पाट व काडीमोड यांचे नियम नोंदलेले आहेत. त्याच वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या रेग्युलेशनने, म्हणजे कंपनी सरकारने केलेल्या नियमाने, लेखी कायदा नसेल तिथे देशाचा रिवाज प्रमाण मानावा असे ठरवून दिले. तेव्हा कागदोपत्री पाहता काडीमोडीचे स्थान इंग्रजी अमलाच्या आरंभी भक्कम झाले होते.

तथापि या रूढीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पंच पुरुषच असत, नवऱ्याला बायको सोडणे जितके सोपे होते तितके बायकोला नवरा सोडणे सोपे नव्हते, आणि स्त्रीने दुसरे घर धरले तर पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च नव्या नवऱ्याने भरून द्यावा अशी चाल अनेक ठिकाणी होती. त्यामुळे स्त्रीच्या सुटकेला रुपयांत मोजली जाणारी किंमत असे. तरीही एका बाबतीत ही रीत नंतरच्या कायद्याहून निराळी होती. अपराध कोणाचा हे पुराव्यानिशी सिद्ध होईपर्यंत संसार मोडता येत नाही, असा तिचा हट्ट नव्हता. दोघांचे पटत नाही आणि देणेघेणे मिटले आहे, एवढ्यावरही पंच काडी मोडू देत.

ही लवचीकता इंग्रजी न्यायालयांच्या पचनी पडली नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने, जी १८६२ पासून अमलात आली, जोडीदार हयात असताना केलेला व त्यामुळे अवैध ठरणारा दुसरा विवाह हा गुन्हा ठरवला. हिंदू पुरुषाला अनेक बायका करण्याची मोकळीक असल्याने या कलमाचा धाक व्यवहारात हिंदू स्त्रीलाच उरला. १८६४ मध्ये गुजरातेतील तळपदा कोळी जातीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पहिल्या नवऱ्याच्या संमतीवाचून स्त्रीला त्याला सोडून दुसरा विवाह करू देणारी जातीची चाल अनीतिकारक असल्याने न्यायालय ती मानणार नाही. १८७६ च्या दुसऱ्या एका निर्णयाने विवाह रद्द ठरवून स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकारच अमान्य केला. उभयतांच्या संमतीने होणारी फारकत पुढेही अनेक प्रकरणांत ग्राह्य धरली गेली. आक्षेप होता तो नवऱ्याची मर्जी नसताना स्त्रीने स्वतःहून बाहेर पडण्याला. देशाचा रिवाज प्रमाण मानण्याचे १८२७ चे धोरण नावाला कायम राहिले, पण कोणता रिवाज नीतीला धरून आहे हे ठरवण्याचा अधिकार पंचांकडून न्यायमूर्तींकडे गेला, आणि त्या न्यायमूर्तींच्या मनात विवाहाचे चित्र होते ते व्हिक्टोरियन इंग्लंडचे व ब्राह्मणी धर्मशास्त्राचे.

या दोन्ही विचारांची गाठ रखमाबाईंच्या खटल्यात स्पष्ट दिसते. १८६४ मध्ये मुंबईत जन्मलेल्या रखमाबाई सुतार जातीच्या होत्या. त्यांच्या आई जयंतीबाई यांनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता, आणि जातीच्या रिवाजात तो बसत होता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, परंतु त्या माहेरीच राहिल्या, तिथेच वाचनाने त्यांचे शिक्षण झाले, आणि नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. वेगळ्या राहणाऱ्या जोडीदाराला परत नांदायला येण्याचा हुकूम मिळवण्याचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतून आलेला होता. विशेष असे की, हा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने त्याच १८८४ साली रद्द केली, मात्र हिंदुस्थानात ती चालू राहिली.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. जे दांपत्य कधी एकत्र राहिलेच नाही त्याच्या बाबतीत पुनःस्थापना कशाची करायची, आणि अजाणत्या वयात लग्न लागलेल्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध एका पुरुषाच्या स्वाधीन करणे ही क्रूरता होय, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये तो निर्णय फिरवला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जाण्याचा हुकूम दिला. तो न मानल्यास सहा महिन्यांच्या कैदेची शक्यता होती. रखमाबाईंनी नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शवली. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून टिळकांनी त्यांच्यावर कडक टीका केली, तर बेहरामजी मलबारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची बाजू लावून धरली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दाव्यावर पाणी सोडले. लग्नखर्च चुकता करून मोकळे होण्याची जी रीत जातपंचायतीत होती तीच, उच्च न्यायालयाच्या तीन निकालांनंतर, शेवटी उपयोगी पडली.

या खटल्याचे वेगळेपण रखमाबाईंच्या भूमिकेत होते. दादाजींची तब्येत, शिक्षण आणि सांपत्तिक स्थिती यांविषयी आक्षेप घेतले गेले, परंतु त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की, ज्या विवाहाला आपण समजूनउमजून संमती दिली नाही तो आपल्यावर बंधनकारक नाही. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांत त्यांनी बालविवाहामुळे स्त्रीच्या मनाची व बुद्धीची वाढ कशी खुंटते याचे वर्णन केले. त्यांच्या तक्रारीत मारहाणीला जागा नव्हती, कारण संसार झालाच नव्हता. तक्रार होती ती मनाविरुद्ध जगावे लागण्याची, आणि तिला बसेल असे एकही कलम तत्कालीन कायद्यात नव्हते. पुढे त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतून सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. मात्र माहेरचा भक्कम आधार, सावत्र वडिलांची प्रतिष्ठा, पैसा आणि परदेशातील शिक्षणासाठी मिळालेले साहाय्य हे सारे एकत्र आले म्हणून त्यांचे बाहेर पडणे निभावले, हे विसरून चालत नाही.

बाहेर पडलेल्या स्त्रीने जायचे कोठे, हा प्रश्न कायद्याइतकाच जुना आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन, किंवा धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला व १९०० मध्ये हिंगण्यास गेलेला अनाथ बालिकाश्रम, यांचे महत्त्व केवळ शिक्षणसंस्था म्हणून नाही. सासर आणि माहेर यांपलीकडे प्रतिष्ठित घरातील स्त्रीला राहता येईल असे तिसरे छप्पर या संस्थांनी प्रथम उभे केले, आणि शिक्षिका किंवा परिचारिका होऊन स्वतःच्या कमाईवर जगण्याची शक्यता दाखवली. शारदा सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, यांनी १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि हे लग्न पुण्यात व कोकणात किती गाजले हे सर्वश्रुत आहे. तरी या संस्थांचा मुख्य भर विधवांवर होता. विधवेविषयी समाजाला निदान दया वाटे. नवरा जिवंत असताना घर सोडून आलेल्या स्त्रीविषयी मात्र संशय वाटे, आणि तिला थारा देणाऱ्या संस्थेलाही तो संशय चिकटे.

कायद्याच्या बाबतीत पुढची पावले आधी संस्थानांत पडली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा करणारे नियम केले, आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. ब्रिटिश मुलखात पुनःस्थापनेचा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १९२३ मध्ये रद्द झाली, तरी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हताच. ही कोंडी त्या काळच्या कलाकृतींतही उतरली आहे. प्रभात कंपनीच्या १९३७ मधील ‘कुंकू’ या चित्रपटातील नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी झालेले लग्न मनाने मान्य करत नाही, त्याच्या घरात राहून प्रतिकार करते, पण तिची सुटका होते ती नवऱ्याच्या आत्महत्येने. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ पासून कायद्याची संमती होती आणि सधवेच्या घटस्फोटाला नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या शेवटामागचे कारण निव्वळ नाट्यपूर्ण राहत नाही. नीरेसारख्या स्त्रीपुढे कायद्याने तेवढाच मार्ग शिल्लक ठेवला होता.

मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या बहुपत्नीकत्वाला बंदी केली आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे रेटलेल्या हिंदू संहिता विधेयकाला विरोध करताना घटस्फोटामुळे हिंदू कुटुंब मोडेल असे वारंवार सांगितले गेले. ज्या समाजाच्या मोठ्या भागात काडीमोड शतकानुशतके चालू होती त्याच्याविषयी हा युक्तिवाद होत होता. विधेयक रखडल्याने आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि अखेर १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा संमत झाला. त्याच्या २९ व्या कलमाने रूढीनुसार विवाह मोडण्याचा हक्क अबाधित ठेवला, म्हणजे काडीमोडीला, जिथे ती सिद्ध करता येईल तिथे, कायद्याचे छत्र मिळाले. त्याच कायद्याच्या ९ व्या कलमात रखमाबाईंवर चालवलेला पुनःस्थापनेचा उपायही कायम राहिला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, नव्वदी ओलांडून, निवर्तल्या.

या कायद्याने घटस्फोट दिला तो दोषाच्या तत्त्वावर, म्हणजे समोरच्याचा अपराध सिद्ध करण्याच्या अटीवर. क्रूरता हे आरंभी घटस्फोटाचे थेट कारण नव्हते. तिच्या आधारे केवळ न्यायिक विभक्तता, म्हणजे विवाह न मोडता वेगळे राहण्याची परवानगी, मिळे. १९७५ मध्ये पुण्यातील एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रूरता शारीरिकच असावी लागते असे नाही आणि जिवाला धोका असणेही आवश्यक नाही, हे स्पष्ट केले. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले आणि परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोयही झाली. मनाच्या छळाला कायद्यात नाव मिळण्यास रखमाबाईंच्या खटल्यानंतर अशी जवळजवळ नव्वद वर्षे लागली, आणि दोघांच्या राजीखुशीने विभक्त होण्याची जी मुभा पंचांसमोर होती ती न्यायालयासमोर यायलाही तेवढाच काळ गेला.

१९८० नंतर सांगली आणि संगमनेर परिसरात उभ्या राहिलेल्या परित्यक्ता स्त्रियांच्या, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या, चळवळींनी पोटगीबरोबरच राहते घर आणि स्वतंत्र शिधापत्रिका यांचा आग्रह धरला. या मागण्या किरकोळ वाटल्या तरी दीड शतकाच्या इतिहासाचे सार त्यांत आहे. काडीमोडीने स्त्रीला वाट दिली, पण दुसऱ्या पुरुषाच्या घराखेरीज मुक्काम दिला नाही. आश्रमांनी मुक्काम दिला, पण तो प्रामुख्याने विधवेला. कायद्याने सधवेला वाट दिली, पण अपराध सिद्ध करण्याच्या अटीवर, आणि छप्पर व कमाई यांची सोय तिची तिच्यावर सोपवून. दोष कोणाचाच नसताना केवळ एकटीच्या अनिच्छेवर बाहेर पडण्याची मुभा रखमाबाईंनी मागितली होती. परस्परसंमतीच्या तरतुदीलाही नवऱ्याचा होकार लागतोच, त्यामुळे त्या मागणीला हिंदू विवाह कायद्यात अद्याप पुरती जागा मिळालेली नाही.