औंधचा राजपुत्र, नैरोबीचा आयुक्त

साम्राज्यसत्तेच्या अस्तकाळी नवस्वतंत्र राष्ट्रांना आपले पहिले राजदूत बहुधा राजकारणातूनच निवडावे लागले. स्वदेशी बनलेली मते त्यांनी परदेशात कितपत पाळली, हा प्रश्न अप्पासाहेब पंत (१९१२–१९९२) यांच्या चरित्राच्या आधारे तपासण्याजोगा आहे.

अप्पासाहेब हे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे पुत्र. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून ते बॅरिस्टर होऊन परतले. त्यानंतर, १९३८-३९ मध्ये, गांधीजींच्या मार्गदर्शनाने व मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने औंधच्या ७२ गावांना स्वराज्याची घटना मिळाली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. राजघराण्याने आपला अधिकार आपण होऊन सोडला, हे तिचे वैशिष्ट्य होय. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी अप्पासाहेबांची ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नेमणूक झाली.

नैरोबीतील त्यांचे स्थान मोठे अवघड होते. अधिकृत व्यवहार वसाहतीच्या सरकारशी, प्रत्यक्ष जबाबदारी तेथील भारतीय व्यापारी व नोकरदार वर्गाची; नेहरूंचे धोरण मात्र आफ्रिकी जनतेचा हक्क अग्रगण्य मानणारे. औंधात जे राजघराण्याने केले, तेच अप्पासाहेबांनी एका अर्थाने या वर्गाकडे मागितले: गोऱ्यांच्या छत्राखाली मिळालेल्या सवलतींवर न विसंबता बहुसंख्य आफ्रिकनांशी नाते जोडावे. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९५२ मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली. आफ्रिकी नेत्यांशी असलेल्या त्यांच्या संबंधांविषयी ब्रिटिशांच्या तक्रारी वाढल्या आणि १९५४ मध्ये त्यांना तेथून हलविण्यात आले.

या उपदेशाला एक मर्यादाही होती. राजपुत्राने सत्ता सोडली तरी त्याचे घर व त्याचा देश सुटत नाही. केनियातील दुकानदाराला ती शाश्वती नव्हती. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. १९६८ मध्ये हजारो भारतीयांनी तो देश सोडला आणि १९७२ मध्ये युगांडाने आपल्या भारतीयांना हाकलून दिले. अप्पासाहेब १९६९ ते १९७२ या काळात लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. पुढील घटनांनी त्यांचा सल्ला चुकीचा ठरला, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. तो फारच थोड्यांनी आणि फार उशिरा मानला, एवढेच इतिहासाला म्हणता येईल.