शाळेतला कॅमेरा आणि १८७१ चा कायदा

सरकारी शाळांत चेहरा ओळखून हजेरी घेणारी यंत्रं आली, की हमखास सांगितलं जातं : हे तंत्रज्ञान आहे, त्याला जात नसते. मित्रांनो, आधी इतिहास तपासा.

१८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. कुणी गुन्हा करण्याआधीच अख्खी जमात गुन्हेगार ठरली. १९११ च्या कायद्याने नोंदवलेल्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याची मुभा दिली. त्याच कायद्याने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत टाकण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी कुटुंबं तारेच्या कुंपणाआड जगली. म्हणजे शाळा, हजेरी आणि पाळत यांची गाठ कॉम्प्युटर येण्याआधीच बांधली गेली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही.

यंत्र तरी निष्पक्ष असतं का? २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! मग उन्हात राबणाऱ्यांच्या लेकीला यंत्राने ओळखलं नाही, तर गैरहजेरी कुणाच्या माथी? शिष्यवृत्ती कुणाची अडेल?

कायदा काय म्हणतो? शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली. पण २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक कामाच्या आणि सुरक्षिततेच्या नावाखाली शाळांना त्यातून सूट दिली. दार लावलं आणि खिडकी उघडी ठेवली! याउलट अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये शाळांत चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेवर सरळ बंदी घातली.

आपली मागणीही तेवढीच सरळ हवी : सरकारी शाळेत चेहरा ओळख नको, शाळांची सूट रद्द करा, आणि यंत्र चुकलं म्हणून कुणाचीही शिष्यवृत्ती, पोषण आहार थांबता कामा नये.

ही लढाई गावातूनच सुरू होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. त्या जागेवर आपली माणसं बसवा. यंत्र बसवण्याआधी विचारा : माहिती कुठे साठणार, कोण बघणार, कधी पुसणार? उत्तर लेखी मागा. बाबासाहेबांनी ‘शिका’ सांगितलं ते मान वर करून शिकण्यासाठी, संशयित म्हणून वर्गात बसण्यासाठी नव्हे.

जयभीम!