तळेगावचा न झालेला व्यवहार : ग्रेट वॉल मोटर कंपनी आणि महाराष्ट्र (२०२०–२०२२)

पुणे जिल्ह्यातील मोटार-उद्योगाचा इतिहास आजवर बहुधा उभ्या राहिलेल्या कारखान्यांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. पिंपरीची टेल्को, आकुर्डीची बजाज ऑटो, चाकणची फोक्सवॅगन ही नावे त्यात ओघानेच येतात. जे कारखाने येणार म्हणून जाहीर झाले आणि आले नाहीत, त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका न झालेल्या व्यवहाराचा विचार करावयाचा आहे. चीनमधील ग्रेट वॉल मोटर कंपनीने मावळ तालुक्यातील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचे ठरविले, त्यासाठी अडीच वर्षे वाट पाहिली आणि शेवटी ती माघारी गेली. बावधनवरून जाणाऱ्या महामार्गाने हा कारखाना तासाभराच्या वाटेवर आहे. तथापि या घटनेची आपल्याकडील चर्चा देशाभिमान आणि गुंतवणूक या दोन शब्दांपलीकडे फारशी गेली नाही.

प्रथम खरेदीदाराची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. ही कंपनी १९८४ साली हपै प्रांतातील बाओडिंग येथे निघाली. तिचे चिनी नाव ‘छांगछंग’, म्हणजे शब्दशः ‘लांब भिंत’. लांबीची थोरवी झाली ती इंग्रजीत, आणि आपण ती तशीच उचलली. प्रारंभी हा गावाच्या सामूहिक मालकीचा, मालमोटारींत फेरफार करून देणारा लहानसा कारखाना होता. १९९० मध्ये तो डबघाईस आला असता वै ज्यान्‌च्युन या सव्वीस वर्षांच्या तरुणाने तो चालवावयास घेतला. मोठ्या सरकारी कंपन्या परदेशी भागीदारांबरोबर प्रवासी मोटारी काढीत होत्या. त्यांच्याशी स्पर्धा न करता वै यांनी १९९६ पासून पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, बनविण्यास आरंभ केला. दोन वर्षांत त्या वर्गात ही कंपनी चीनमध्ये अग्रस्थानी आली. डिसेंबर २००३ मध्ये तिचे भाग हाँगकाँगच्या शेअरबाजारात विकले जाऊ लागले. पुढे ‘हवाल’ या नावाच्या एसयूव्ही गाड्यांनी तिचे रूप पालटले. २०११ साली निघालेली एच-६ ही त्यांतील सर्वांत यशस्वी. २०१६ साली कंपनीची वार्षिक विक्री दहा लाखांच्या वर गेली.

या कंपनीच्या परदेशातील विस्तारात एक विशेष दिसून येतो. रशियातील तुला येथे तिने २०१९ मध्ये स्वतःचा नवा कारखाना उभारला खरा. परंतु थायलंडमधील रायाँगचा कारखाना तिने २०२० साली जनरल मोटर्सकडून घेतला आणि ब्राझीलमधील इरासेमापोलिसचा २०२१ साली डाइम्लरकडून. दुसऱ्याने सोडलेले घर घेण्याची ही रीत व्यवहारदृष्ट्या शहाणपणाचीच म्हणावयास हवी. जमीन, पाणी, वीज, परवाने, रंगशाळा आणि आसपासचे सुटे भाग पुरविणारे कारखानदार हे सारे आयते मिळते. नव्याने उभारावयाचे तर यात वर्षे जातात. तळेगाव या मालिकेतच बसणारे होते.

तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला होता. वर्षाला सुमारे १,४०,००० गाड्या काढण्याच्या क्षमतेने तो बांधला होता आणि तेथे स्पार्क, बीट या लहान गाड्या तयार होत. मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने वर्षअखेर भारतातील विक्री थांबविण्याचे जाहीर केले. त्यानंतर तळेगाव केवळ निर्यातीपुरते चालू राहिले. कंपनीचा दुसरा कारखाना, गुजरातमधील हालोलचा, त्याच वर्षी शांघायच्या सैक या कंपनीकडे गेला आणि २०१९ पासून तेथून एमजी नावाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

येथे जरा थांबले पाहिजे. विक्रेता एकच, विकावयाचे कारखाने दोन, खरेदीदार दोन्ही वेळा चिनी. शिवाय सैक ही शांघायच्या नगरशासनाच्या मालकीची, तर ग्रेट वॉल खाजगी. चिनी सत्तेच्या सान्निध्याचाच प्रश्न असता, तर अडथळा पहिलीला व्हावयास हवा होता. तो दुसरीला झाला. कारण शोधावयाचे ते मालकीच्या स्वरूपात नव्हे, तर तारखेत.

ग्रेट वॉल आणि जनरल मोटर्स यांच्यात तळेगावविषयीचे टर्म शीट १७ जानेवारी २०२० रोजी झाले. फेब्रुवारीत दिल्लीजवळील वाहनप्रदर्शनात हवालच्या गाड्या मांडल्या गेल्या. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने नियम बदलला : भारताला लागून भूसीमा असलेल्या देशांतील गुंतवणुकीस यापुढे शासनाची पूर्वसंमती लागेल. साथीच्या काळात भाव पडलेल्या भारतीय कंपन्या कोणी स्वस्तात बळकावू नयेत, हा त्यामागील सांगितलेला हेतू. बंद पडत चाललेला अमेरिकी कारखाना चिनी कंपनीने घेणे हे त्या हेतूत कितपत बसते याविषयी शंका घेता येईल. परंतु नियमाचा शब्द हेतूपेक्षा व्यापक होता, आणि अंमल शब्दाचा होतो.

जून २०२० च्या मध्यास ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ या उपक्रमात राज्य शासनाने कंपनीशी सामंजस्य करार केला. ३,७७० कोटी रुपयांची गुंतवणूक आणि २,०४२ रोजगार असे आकडे प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, १५ जूनच्या रात्री, गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले. आठवड्याभरातच उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगितले की, ग्रेट वॉलसह तीन चिनी संबंध असलेल्या कंपन्यांचे सुमारे ५,००० कोटींचे करार ‘जैसे थे’ ठेवले आहेत.

भाषेच्या अभ्यासकाला हा शब्दप्रयोग खिळवून ठेवतो. ‘जैसे थे’ हे हिंदीतून आलेले, क्रियापदासकट गोठलेले रूप मराठी न्यायालयीन भाषेत नामासारखे वापरले जाते. त्यात रद्द करणे नाही, मान्य करणेही नाही. वस्तुतः सामंजस्य करारानेही कोणास काही देणे लागू होत नव्हते. जो करार बांधीत नाही तो स्थगित ठेवला असे म्हणण्याने काही घडल्याचा भास मात्र झाला. निर्णय केंद्राकडे होता आणि केंद्राने शेवटपर्यंत संमती दिली नाही. टर्म शीटची मुदत वाढविण्यात आली. ३० जून २०२२ रोजी ती संपली, आणि कंपनीने भारतातील आपला कारभार आवरला.

या दोन-अडीच वर्षांचा खरा भार कोणी वाहिला? डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबले. कारखाना बंद करण्याची परवानगी राज्य शासनाने नाकारली. एप्रिल २०२१ मध्ये व्यवस्थापनाने १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला. हा शब्द आपल्या वृत्तपत्रांतून ‘कामावरून काढले’ अशा अर्थी सर्रास येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचा अर्थ तसा नव्हता. नोकरी राहते, काम मिळत नाही, आणि मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कामगाराच्या वाट्यालाही, म्हणजे, एक ‘जैसे थे’च आले, फरक इतकाच की त्याचे महिन्याचे सामान निम्म्या पैशात येत नव्हते. सामंजस्य करारातील २,०४२ हा आकडा भावी नोकऱ्यांचा होता. असलेले १,४१९ त्यात आहेत किंवा नाहीत, हे त्या आकड्यावरून कळण्यास मार्ग नव्हता. कामगार संघटना या प्रश्नावर न्यायालयात आणि रस्त्यावर दोन्हीकडे झगडत राहिली.

ग्रेट वॉल गेल्यावर कारखाना दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. १६ ऑगस्ट २०२३ रोजी झालेल्या त्या कराराचे स्वरूप मालमत्ता-खरेदीचे होते : जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री. कंपनी विकत घेतली तर तिची माणसेही दायित्व म्हणून येतात. मालमत्ता घेतली तर तशी येत नाहीत. ग्रेट वॉलशी व्यवहार पुरा झाला असता तर कामगारांचे भाग्य उजळले असते, असे मानणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावयास हवा. खरेदी कारखान्यापुरती झाली असती, असे मला वाटते.

हालोलकडे मात्र निराळा तोडगा निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सैकने जेएसडब्ल्यू या भारतीय उद्योगसमूहाला भागीदार म्हणून घेण्याचे ठरविले. आधी आत आलेल्याला राहण्यासाठी वाट सापडली. तळेगावात २०२५ मध्ये प्रथम एंजिने आणि मग ह्युंदाईची नवी व्हेन्यू तयार होऊ लागली. हवालची एकही गाडी तेथून कधी बाहेर पडली नाही.