धातुक-प्रक्रियेतील स्लरीप्रवाह व कणाकार यांचे मोजमाप : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

धातुकाच्या दळणाचा इतिहास लिहिताना भर सामान्यतः रिटिंगर (१८६७), किक (१८८५) आणि बाँड (१९५२) यांच्या ऊर्जाविषयक नियमांवर दिला जातो. कारखान्यातील व्यवहार मात्र या नियमांपेक्षा मोजमापाला लागणाऱ्या वेळेमुळे अधिक बदलला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दळण जाडे राहिले तर खनिज खडकात अडकून राहते. फार बारीक झाले तर वीज वाया जाते आणि अतिसूक्ष्म कण फेन-प्लवनात हाती न लागता टाकाऊ गाळाबरोबर निघून जातात. म्हणूनच कणाचा आकार हा नफ्यातोट्याचा प्रश्न ठरतो. अ‍ॅग्रिकोलाच्या १५५६ च्या ग्रंथात चाळण्या आहेत, पण त्या मुख्यतः निवडण्यासाठी. चाळणीला मापनाची शिस्त लावण्याचे श्रेय रिटिंगर यांना द्यावे लागते. एक मिलिमीटरच्या भोकापासून पुढची प्रत्येक चाळणी दोनाच्या वर्गमूळाच्या पटीत घ्यावी, म्हणजे भोकाचे क्षेत्रफळ दर पायरीला दुप्पट होते, अशी त्यांची मांडणी होती. दोष एकच. नमुना गाळून, वाळवून, चाळून, तोलून निकाल येईपर्यंत ते दळण केव्हाच पुढे गेलेले असे.

घनतेसाठी एक लिटरचे भांडे व तराजू पुरत असे. २.७ घनतेच्या खडकाची एक लिटर स्लरी १.४ किलो भरली, तर तीत सुमारे ६३५ ग्रॅम घनपदार्थ असतो. तथापि नळातून तासाला किती धातुक वाहते, हे भांडे सांगू शकत नव्हते. प्रवाहात तबकडी वा चक्र बसवावे, तर वाळू ते झिजवून टाकी.

यावरचा उपाय तत्त्वतः फार जुना होता. फॅरडे यांनी १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर ९६० फूट तार पसरून तिच्या टोकांचे तांब्याचे पत्रे थेम्सच्या पाण्यात सोडले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या पाण्यात विद्युत् निर्माण व्हावी, ही अपेक्षा होती. तीन दिवसांच्या निरीक्षणांतून विश्वसनीय असे काही निघाले नाही. पत्र्यांवरील रासायनिक क्रियांनीच संकेत झाकोळला. पुढे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राने ही अडचण दूर झाली आणि १९५२ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये हे मापक विक्रीस आले. वाळूमिश्रित पाण्यासाठी ते विशेष सोयीचे ठरले, कारण रबरी अस्तराच्या नळात प्रवाहाला अडवणारे काहीच नव्हते. (मॅग्नेटाइटच्या स्लरीत मात्र खनिजच चुंबकीय असल्याने मापन बिघडते.)

नळाबाहेर बसवलेल्या सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांनी घनताही सतत कळू लागली, आणि दोहोंच्या गुणाकारातून वस्तुमानाचा प्रवाह मिळाला. कणाकार सर्वांत शेवटी वश झाला. १९७० च्या दशकात श्राव्यातीत ध्वनीच्या दोन वारंवारतांच्या क्षीणनावरून तो नळातल्या नळात अजमावणारी यंत्रे आली. हवेचे बुडबुडे ध्वनी शोषत, म्हणून नमुन्यातील हवा आधी काढावी लागे.

मिनिटामिनिटाला आकडा देणाऱ्या या यंत्रांचे अंशांकन मात्र ठरावीक काळाने नमुने घेऊन, वाळवून, चाळणीनेच करावे लागते.