मार्क्वेट विद्यापीठ : येशूसंघीय शिक्षणाची दीडशे वर्षांकडे वाटचाल

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात असलेले मार्क्वेट विद्यापीठ हे येशूसंघ अर्थात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने स्थापन केलेले खासगी विद्यापीठ आहे. १८८१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत आज सुमारे ११ हजार विद्यार्थी शिकत असून त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पदवीपूर्व वर्गांत आहेत. त्याच राज्यातील मॅडिसन येथील सरकारी विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे अमेरिकेतील शिक्षणव्यवस्थेत मार्क्वेटची गणना मध्यम आकाराच्या विद्यापीठांमध्ये होते.

अशा विद्यापीठाचे शुल्क मोठे असते आणि ध्येयवाक्यही मोठे असते. या दोहोंचा मेळ बसतो का, हा प्रश्न तेथे शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे असतो. मार्क्वेटच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी एकाच कसोटीवर शोधावे लागले आहे. ही कसोटी म्हणजे विद्यापीठाचे दार कोणासाठी उघडले आणि आत आलेल्याला पदवीपर्यंत नेण्यासाठी काय केले गेले.

स्थापना आणि नाव

मिलवॉकीचे पहिले बिशप जॉन मार्टिन हेनी हे मूळचे स्वित्झर्लंडचे. जर्मन आणि आयरिश स्थलांतरितांनी गजबजलेल्या या शहरात कॅथलिक महाविद्यालय असावे, असा त्यांचा आग्रह होता. बेल्जियममधील एका व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून या कामाला आरंभ झाला, तरी प्रत्यक्ष वर्ग सुरू होण्यास १८८१ साल उजाडले. १९०७ मध्ये महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

संस्थेला नाव देण्यात आले ते झाक मार्क्वेट या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाचे. त्यांनी १६७३ मध्ये लुई जोलिये यांच्यासमवेत मिसिसिपी नदीच्या उत्तर आणि मध्य भागातून नौकाप्रवास करून त्या प्रदेशाची नोंद केली होती.

येशूसंघाला १५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. शिक्षण हे या संघाचे जगभरातील प्रमुख कार्य राहिले आहे. मराठी वाचकांना हा संघ अपरिचित नाही. १६१६ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी काव्यग्रंथाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे गोव्यात कार्य करणारे जेझुइट होते, तर १८६९ मध्ये सुरू झालेले मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालयही याच संघाचे आहे.

स्त्रियांना प्रवेश

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅथलिक उच्च शिक्षण संस्थांमध्ये मुले आणि मुली एकत्र शिकत नसत. १९०९ मध्ये मार्क्वेटने उन्हाळी वर्गांत स्त्रियांना प्रवेश दिला. शाळांमध्ये शिकवणाऱ्या धर्मभगिनी आणि अन्य शिक्षिकांना पदवीची गरज भासू लागली होती, हे त्यामागील व्यावहारिक कारण होते. सहशिक्षण देणारे जगातील पहिले कॅथलिक विद्यापीठ, असा मार्क्वेटचा उल्लेख या निर्णयामुळे केला जातो. या निर्णयाचे महत्त्व तुलनेने कळते. इंडियाना राज्यातील प्रसिद्ध नोत्र दाम विद्यापीठाने पदवीपूर्व वर्गांत मुलींना प्रवेश दिला तो १९७२ मध्ये.

अभ्यासक्रम

कला आणि विज्ञान, व्यवसाय प्रशासन, संज्ञापन, अभियांत्रिकी, आरोग्यविज्ञान, परिचर्या, शिक्षणशास्त्र, विधी आणि दंतवैद्यक या प्रमुख विषयक्षेत्रांत येथे शिक्षण दिले जाते. वैद्यकीय महाविद्यालयही पूर्वी विद्यापीठाचा भाग होते. आर्थिक अडचणींमुळे ते १९६७ मध्ये वेगळे झाले आणि आज विस्कॉन्सिन वैद्यकीय महाविद्यालय या नावाने स्वतंत्रपणे कार्यरत आहे.

विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, त्याला तत्त्वज्ञान, धर्मविद्या आणि लेखन-वक्तृत्व यांचे पायाभूत विषय घ्यावे लागतात. अभियंता अथवा परिचारिका होऊ पाहणाऱ्यालाही यातून सूट नाही. प्रवेशासाठी कॅथलिक असण्याची अट नाही आणि धर्मविद्येचा वर्ग हा उपासनेचा नव्हे, तर अभ्यासाचा विषय मानला जातो. ‘संपूर्ण व्यक्तीची जोपासना’ या जेझुइट तत्त्वाचा या रचनेला आधार आहे. केवळ व्यावसायिक कौशल्य हवे असणाऱ्यांना हे विषय अनावश्यक वाटू शकतात. प्रवेश घेण्यापूर्वीच त्यांनी हे ध्यानात घेणे हिताचे ठरते.

काही शाखांना स्थानिक वैशिष्ट्ये लाभली आहेत. विस्कॉन्सिन राज्याच्या नियमानुसार मार्क्वेट अथवा मॅडिसन येथील विधी महाविद्यालयातून ठरावीक अटी पूर्ण करून पदवी घेणाऱ्यास त्या राज्यात वकिली करण्यासाठी वेगळी सनद परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही परीक्षा अनिवार्य आहे. दंतवैद्यक महाविद्यालय दीर्घकाळ राज्यातील अशा प्रकारची एकमेव संस्था राहिले असून राज्य सरकार तेथील स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्काचा काही भार उचलते. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली रुग्णांवर उपचार करतात आणि त्यामुळे खासगी दवाखान्याचा खर्च न परवडणाऱ्यांचीही सोय होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना काही सत्रे उद्योगांमध्ये पगारी काम करून शिकण्याची संधी असते.

पहिल्या पिढीचा विद्यार्थी

मार्क्वेटचा परिसर शहराच्या मध्यभागाला लागून आहे. गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमधील विभागणी ज्या अमेरिकन शहरांत सर्वाधिक ठळक आहे, त्यांत मिलवॉकीचा समावेश होतो. विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी पूर्वीपासून होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स यांच्यासमवेत ४ गुणिले १०० मीटर रिले शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारे आणि पुढे अमेरिकी संसदेत निवडून गेलेले राल्फ मेटकाफ हे मार्क्वेटचेच विद्यार्थी. मात्र अशी उदाहरणे मोजकी होती.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यानंतर मार्क्वेटच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन करून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अधिक प्रवेश आणि शिष्यवृत्त्या देण्याची मागणी केली. त्यातून १९६९ मध्ये शैक्षणिक संधी कार्यक्रम सुरू झाला. तेथे इतिहासाचे अध्यापन करणारे आर्नल्ड मिचेम यांच्याकडे त्याची सूत्रे सोपवण्यात आली.

अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्याला केवळ प्रवेश देऊन भागत नाही, हे या कार्यक्रमाचे मूळ सूत्र होते. महाविद्यालयाचे पहिले सत्र सुरू होण्यापूर्वी तयारीचे वर्ग, त्यानंतर शिकवणी, समुपदेशन आणि आर्थिक मदतीचे मार्गदर्शन अशी साखळी उभारण्यात आली. घरात कोणीच महाविद्यालयाची पायरी चढलेली नसेल, तर अर्ज कसा भरावा, विषय कसे निवडावेत, नापास झाल्यास कोणाकडे जावे, हे सांगणारे कोणी नसते. ही उणीव पैशाच्या उणिवेइतकीच मोठी असते, अशी मिचेम यांची मांडणी होती.

‘पहिल्या पिढीचा विद्यार्थी’ ही संज्ञा अमेरिकेच्या शैक्षणिक धोरणात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ज्याच्या आईवडिलांपैकी कोणाकडेही पदवी नाही, असा विद्यार्थी हा तिचा अर्थ असून १९८० च्या उच्च शिक्षणविषयक कायद्यात तिला स्थान मिळाले. वंशाऐवजी कुटुंबाच्या शैक्षणिक पार्श्वभूमीचा निकष लावल्याने कृष्णवर्णीयांबरोबरच ग्रामीण गौरवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी कुटुंबांतील मुलेही या योजनांच्या कक्षेत आली. या योजनांना मिळणारे केंद्रीय अनुदान मात्र दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असते. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने २०२६ या आर्थिक वर्षासाठी मांडलेल्या प्रस्तावात हे अनुदान बंद करण्याची सूचना होती.

ग्रंथालय, प्रार्थनामंदिर आणि क्रीडा

इंग्रजी लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबऱ्यांची मूळ हस्तलिखिते मार्क्वेटच्या ग्रंथालयात आहेत. ग्रंथपाल विल्यम रेडी यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये १ हजार ५०० पौंडांना हा संग्रह खरेदी करण्यात आला. टॉल्किन यांची कीर्ती तेव्हा आजच्याइतकी पसरलेली नव्हती. गरिबांसाठी कार्य करणाऱ्या कॅथलिक कार्यकर्त्या डोरोथी डे यांची कागदपत्रेही येथे जतन केलेली आहेत. याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि १९५० च्या दशकात साम्यवादविरोधी मोहिमेमुळे वादग्रस्त ठरलेले सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा दप्तरसंग्रहही याच ग्रंथालयात आहे.

परिसरातील संत जोन ऑफ आर्क यांचे दगडी प्रार्थनामंदिर मूळचे फ्रान्समधील असून ते सुटे करून समुद्रमार्गे अमेरिकेत आणले गेले आणि १९६० च्या दशकात येथे पुन्हा उभारण्यात आले. बास्केटबॉल हा विद्यापीठाचा जिव्हाळ्याचा खेळ आहे. १९७७ मध्ये प्रशिक्षक अल मॅग्वायर यांच्या मार्गदर्शनाखाली मार्क्वेटने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले होते.

खर्च आणि साहाय्य

मार्क्वेटमधील पदवीपूर्व वर्गांचे शिक्षण शुल्क आता वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढे गेले आहे. निवास आणि भोजनाचा खर्च वेगळा असतो. अमेरिकेतील खासगी विद्यापीठांमध्ये जाहीर शुल्क आणि प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम यांत मोठे अंतर असते, कारण बहुसंख्य विद्यार्थ्यांना गुणवत्ता अथवा आर्थिक स्थिती पाहून सवलत मिळते. म्हणून छापील आकडा पाहून निर्णय घेण्याऐवजी सवलतीनंतरची रक्कम विचारून घेणे आवश्यक ठरते. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. अमेरिकी केंद्र सरकारची शैक्षणिक मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. त्यांची भिस्त विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर, पदव्युत्तर पातळीवरील साहाय्यक पदांवर आणि स्वतःच्या निधीवर राहते.

आजची स्थिती

२०१४ मध्ये अभियंते मायकेल लव्हेल यांच्या रूपाने धर्मगुरू नसलेली व्यक्ती प्रथमच विद्यापीठाच्या स्थायी अध्यक्षपदी आली. जून २०२४ मध्ये इटलीच्या दौऱ्यावर असताना त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर त्याच वर्षी किमो आह युन यांची अध्यक्षपदी निवड झाली.

महाविद्यालयीन वयाच्या तरुणांची घटती संख्या हे अमेरिकेतील, विशेषतः तेथील मध्य-पश्चिम भागातील विद्यापीठांपुढील संकट आहे. मिलवॉकी परिसरातीलच कार्डिनल स्ट्रिच हे फ्रान्सिस्कन परंपरेतील कॅथलिक विद्यापीठ २०२३ मध्ये बंद पडले. मार्क्वेट आकाराने आणि साधनांनी त्याहून मोठे असले, तरी त्यालाही याच तरुणांमधून विद्यार्थी मिळवायचे आहेत. यापुढे येणाऱ्या तरुणांमध्ये पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण लक्षणीय असेल. १९६९ मध्ये आंदोलनाच्या दबावाखाली सुरू झालेला उपक्रम त्यामुळे आता विद्यापीठाच्या स्वतःच्या भवितव्याशीही जोडला गेला आहे.