अबलख घोड्याचे दुभाषी

तंजावरचे सरफोजी राजे 1820 मध्ये काशीयात्रेला निघाले. बरोबर सुमारे 3000 माणसांचा लवाजमा होता. काशीत स्नानदान झालेच, पण राजांनी तिथल्या पोथ्याही मोठ्या हौसेने जमवल्या. त्यांच्या सरस्वती महाल या ग्रंथालयात रामायण-पुराणांच्या शेजारी जनावरांच्या विद्येलाही मानाची जागा आहे. नकुलाच्या नावावरचे तिथले सचित्र अश्वशास्त्र 1952 मध्ये छापून निघाले.

ही विद्या एका भाषेत कधीच राहिली नाही. शालिहोत्र मुनींच्या नावावरून काशीकडच्या बोलीत घोड्याच्या वैद्याला सलोतरी म्हणू लागले. शहाजहानच्या काळात अब्दुल्ला खान फिरोजजंग याने संस्कृत शालिहोत्र हा ग्रंथ फारसीत आणला आणि त्या फारसीवरून जोसेफ अर्ल्सने केलेले इंग्रजी भाषांतर 1788 मध्ये कोलकात्यात छापले गेले. तीन भाषा, आणि मधे कुठे औषधाचे नाव चुकले तर जीव घोड्याचा जाणार! असल्या कामाला नुसता पंडित किंवा नुसता मुनशी पुरत नाही. पागेत उभे राहून मोतद्दाराचे बोलणे ऐकलेला माणूस लागतो.

एक रंगच घ्या. मराठी पागेतला अबलख, म्हणजे पांढऱ्यावर दुसऱ्या रंगाचे मोठे डाग असलेला घोडा. हा शब्द मूळचा अरबी, अब्लक. फ्रेंचांनी अशा घोड्याला काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्याचे नाव दिले. संस्कृतात हेमचंद्राने बाराव्या शतकातच सेराह, कियाह, वोरुखान अशी घोड्यांची नावे नोंदवली. संस्कृत कानाला ती परकीच वाटतात. घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर ती आली असावीत, असे अभ्यासकांना वाटते.

अरबीतून फ्रेंचमध्ये जाणारी वाट इजिप्तमधून गेली. कैरोजवळ अबू झाबलला 1827 मध्ये वैद्यकशाळा निघाली. तिथे शिकवणारे फ्रेंच आणि शिकणारे अरबी, त्यामुळे वर्गात दुभाष्याशिवाय पान हलत नसे. इजिप्तमध्ये अनेक वर्षे काढलेल्या निकोला पेराँ या फ्रेंच डॉक्टराने पुढे उलट दिशेचे काम अंगावर घेतले. चौदाव्या शतकात मामलुक सुलतान अल्-नासिरच्या पदरी असलेल्या अबू बक्र या अश्ववैद्याचा अरबी ग्रंथ त्याने फ्रेंचमध्ये उतरवला. घोडा कसा पारखावा, कसा राखावा, दुखणे आले तर काय करावे, हे सारे त्यात आहे. पहिला खंड पॅरिसमध्ये 1852 मध्ये निघाला आणि तिसरा हाती यायला 1860 उजाडले.