दऱ्या आणि दर्या : मराठी पान न दिसण्याचा इतिहास

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने चार कागद माझ्यापुढे ठेवले. आंतरजालावर प्रसिद्ध होणाऱ्या मराठी कवितेच्या पहिल्या दशकावर ती काम करते आहे. २००२ च्या सुमारास निघालेल्या आणि पुढे बंद पडलेल्या एका जालीय दिवाळी अंकाची काही पाने तिला जुन्या पानांच्या एका संग्रहात सापडली होती. कागदांवर मराठीचे एक अक्षरही नव्हते. रोमन लिपीतील लहानमोठी अक्षरे, मध्येच अंक, उद्गारचिन्हे, कंस असा तो सगळा पसारा होता; फक्त ओळींची लांबी आणि कडव्यांमधल्या मोकळ्या जागा पाहून ही कविता असावी एवढे कळत होते. 'माझा ब्राउझर बिघडला आहे का?' असे तिने विचारले. ब्राउझर ठणठणीत होता. त्याला जे सांगितले होते तेच तो निमूटपणे दाखवत होता.

ज्यांनी १९९५ ते २०१० या काळात महाजालावर मराठी वाचले, त्यांना हा पसारा ओळखीचा वाटेल. ब्राउझरला त्या काळी आपण हौसेने 'न्याहाळक' म्हणू लागलो होतो. पण न्याहाळायचे ते काय, हा प्रश्न पुष्कळदा उरेच. कधी चौकोन, कधी प्रश्नचिन्हे, कधी वेलांटी भलत्याच अक्षरावर. त्यावरचे तोडगे मित्रमंडळींत तोंडी फिरत, आणि ते चालले की विषय संपे. आज मागे वळून पाहता मला या तक्रारींत तांत्रिक इतिहासापेक्षा पाठचिकित्सेचा इतिहास अधिक दिसतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे लेखनिकांचे प्रमाद होते. आपल्यापुढे यंत्राचे आहेत, आणि ते अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत साचले आहेत.

मुळात संगणकाला अक्षर ठाऊक नसते, क्रमांक ठाऊक असतो. क्रमांकाला आकार देण्याचे काम टंकाचे, म्हणजे फाँटचे. १९९० च्या दशकात मराठी लिहिण्याची रूढ युक्ती अशी होती की रोमन अक्षरांसाठी ठरलेले क्रमांक तसेच ठेवायचे, आणि टंकात त्या घरांमध्ये रोमन आकारांऐवजी देवनागरीचे तुकडे बसवायचे. घरे सारी मिळून २५६, त्यांतलीही सगळी वापरता येत नसत. एवढ्यात बाराखडी आणि जोडाक्षरे मावणे शक्य नव्हते. मग अर्धा 'म' एका घरात, काना दुसऱ्या घरात, मात्रा तिसऱ्या घरात. ही रीत छापखान्यातून आलेली आहे. मुंबईच्या जुळाऱ्यांकडे अक्षर मात्रेसकट ओतलेले 'अखंड' खिळे असत, तसेच अक्षर आणि वरखालची चिन्हे वेगळी ठेवून जुळवायचे 'डिग्री' पद्धतीचे खिळेही असत. संगणकावरचे आरंभीचे मराठी टंक म्हणजे ही डिग्री पद्धतच पडद्यावर आली असे म्हणायला हरकत नाही. वेलांटीही जुळारी लावील तशी, अक्षराच्या आधी लागे, कारण ती डोळ्यांना आधी दिसते.

छापायचे असेल तर यात काही वावगे नव्हते. कागदावर उमटले की काम झाले. पण जालावरचे पान वाचकाच्या घरी जुळवले जाते. लेखक खिळ्यांचे क्रमांक पाठवतो, खिळे वाचकाकडे असावे लागतात. ते नसले की क्रमांक आपल्या मूळ, रोमन रूपात उघडे पडतात. शिवाय कोणत्या घरात कोणता तुकडा बसवायचा हे प्रत्येक टंककर्ता आपापले ठरवी. पुण्याच्या सी-डॅकचे डीव्ही-टीटी मालिकेतील टंक, श्रीलिपी, शिवाजी, किरण, शुषा यांची मांडणी एकमेकांशी जुळत नसे. मोडीचे वळण घराण्यागणिक बदलावे तसे हे होते. फरक इतकाच की मोडीत निदान अक्षराची ओळख पटण्याची आशा असते.

म्हणून पहिला तोडगा होता 'आमचा टंक उतरवून घ्या'. प्रत्येक वर्तमानपत्राचा टंक वेगळा, त्यामुळे चार वृत्तपत्रे वाचणाऱ्याच्या संगणकावर चार टंक गोळा होत. कचेरीत किंवा सायबर कॅफेत टंक बसवण्याची मुभा नसे, त्यांनी चौकोन पाहत बसावे. दुसरा तोडगा १९९७ साली नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही न्याहाळकांच्या चौथ्या आवृत्त्यांनी आणला : टंक पानाबरोबरच धाडायचा. कल्पना उत्तम होती. पण दोघांचे साचे वेगळे, एकाचा दुसऱ्याला कळत नसे. ज्याला सर्व वाचकांपर्यंत पोहोचायचे होते त्याला एकच टंक दोन साच्यांत ठेवावा लागे. पुढे २००० साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत नेटस्केपने आपला साचा सोडून दिला. एक्सप्लोररचा साचा बराच काळ टिकला. त्या न्याहाळकालाच जून २०२२ मध्ये निरोप दिला गेला तेव्हा त्यावर विसंबलेली उरलीसुरली पाने वाचण्याचा सरळ मार्ग बंद झाला. माझ्या विद्यार्थिनीच्या हातातले पान या जातीचे होते.

खरा उपाय कागदावर केव्हाच तयार होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन सी-डॅकमध्ये वाढलेल्या कामातून भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली आली. तिच्या १९८८ च्या आराखड्यावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी बेतली गेली, आणि ती १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत होती. इथे क्रमांक आकाराला नसून अक्षराला आहे. 'म' म्हणजे २३५०, मग तो कोणत्याही टंकात असो. वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठवायची आणि दाखवताना मागे न्यायची. जोडाक्षर घडवण्याचे कामही दाखवणाऱ्या यंत्राचे. म्हणजे जुळाऱ्याची अक्कल आता यंत्रात घालणे आले, आणि ती घालायला आणखी नऊ वर्षे लागली.

२००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये ती सोय झाली, आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा टंक आला. त्याचे रेखाटन र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे आणि मराठीत दृश्यकविता करणारे हे गृहस्थ. अक्षर हीच ज्यांच्या कवितेची सामग्री, त्यांच्या देखरेखीखाली घडलेली अक्षरे कोट्यवधी पडद्यांवर चौकोनांच्या जागी उमटली, या योगायोगाची आपल्या वाङ्मयेतिहासाने अद्याप फारशी दखल घेतलेली नाही. 'मंगल' दिसायला ओबडधोबड आहे अशी नापसंती पुष्कळांनी व्यक्त केली आहे. लहान आकारात, त्या काळच्या भरड पडद्यांवर वाचता यावा म्हणून किती तडजोडी केल्या असतील याचा विचार ही नापसंती करत नाही.

तरीही पान नीट दिसेना. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये जटिल लिप्यांची सोय मुळात बंद असे. एका खिडकीत खोलवर जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग यंत्र मूळ तबकडी मागे. आणि ती बहुतेकांकडे नसे. ही खूण केली नाही तर 'किती' मधली पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन पडे आणि 'पुस्तक' हा शब्द पाय मोडून 'पुस्‌तक' असा उभा राही. न्याहाळकाने पानाची संकेतप्रणाली ओळखण्यात चूक केली तर प्रकार आणखी गमतीचा. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन क्रमांकांचे असते. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. ते पाश्चात्त्य युरोपीय लिपी म्हणून वाचले की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्यापुढे चलनाचे एखादे चिन्ह, अशी रांग लागते. 'मराठी' या शब्दातील 'म'च्या शेवटी नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण उमटते आणि शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या जागी जपानी येन व युरोपी युरो शेजारी शेजारी बसतात. मराठीला एवढी श्रीमंती एरवी लाभलेली नाही!

फायरफॉक्सच्या चाहत्यांना वेगळाच त्रास होता. परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ ठेवण्याची सूचना पानात असली की शब्दांबरोबर अक्षरेही ताणली जाऊन जोडाक्षरे फुटत. शीर्षकातील अक्षरांत शोभेसाठी अंतर सोडणारे तयार साचेही तोच घोळ करीत; रोमन लिपीत सुटी अक्षरे देखणी दिसतात, देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. जून २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने कडांचा प्रश्न सोडवला. तोवर अनेकांनी आपली पाने डावीकडून सरळ, उजवीकडून करवती ठेवण्याची सवय लावून घेतली होती.

हे सारे दिसण्याचे दोष. दिसणे सुधारले की ते मागे काही न ठेवता नाहीसे होतात. एक दोष मात्र पाठातच शिरला, आणि तो खास मराठीचा आहे.

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र हा फरक हिंदीला लागत नाही. आपल्याला पदोपदी लागतो : सुऱ्या, तऱ्हा, खोऱ्यात, करणाऱ्या. युनिकोडच्या ग्रंथात या अर्ध्या 'र'ची नोंद मराठी व नेवारीच्या नावाने स्वतंत्रपणे आहे, पण तो लिहिण्याच्या वाटा दोन आहेत. एक, खाली नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साध्या 'र'चा पाय मोडून पुढे रुंदी नसलेली एक अदृश्य जोडखूण ठेवायची. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, यंत्राच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. एका पद्धतीने लिहिलेला 'दऱ्या' शोधला तर साध्या शोधयंत्राला दुसऱ्या पद्धतीचा सापडत नाही. त्यात ती अदृश्य खूण निरुपयोगी समजून गाळून टाकणाऱ्या आज्ञावल्या आहेतच. अशा आज्ञावलीतून एकदा मजकूर गेला की दऱ्यांचा दर्या होतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. 'ॲ'ची कथा याहून सौम्य आहे. त्याला २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून वेळ भागवावी लागे, आणि नंतर योग्य क्रमांक वापरणाऱ्याचा 'ॲ' जुन्या टंकांत चौकोन होऊन दिसे.

या अदृश्य खुणांना क्षुल्लक मानण्याचे दिवस २०१८ साली संपले. त्या वर्षी फेब्रुवारीत ॲपलच्या फोनवर तेलुगूतील 'ज्ञा' हे अक्षर अशाच एका रुंदीहीन खुणेसह आले की ते दाखवू पाहणारा कार्यक्रम कोसळू लागला. पान चुकीचे दिसणे वेगळे, आणि एका जोडाक्षराने वाचण्याचे साधनच मोडून पडणे वेगळे. मोझिलाचे अभियंते मनीष गोरेगावकर यांनी त्याची फोड करून दाखवले की बंगाली व देवनागरीतील काही क्रमांनीही हेच घडते. देवनागरीत रकाराने संपणारे जोडाक्षर, मग ती खूण, मग स्वरचिन्ह. ॲपलने १९ फेब्रुवारीला दुरुस्ती दिली. जगातील अव्वल यंत्रणेला जोडाक्षराचा एक क्रम पेलू नये, यावरून भारतीय लिप्यांची चाचणी किती वरवरची होत असेल याचा अंदाज यावा.

विद्यार्थिनीच्या कागदांकडे परततो. आम्ही पानाचा मूळ आराखडा उघडून त्यात टंकाचे नाव शोधले आणि मग जालावर फुकट मिळणाऱ्या एका परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणला. कविता उभी राहिली. भुजंगप्रयात होते, आणि दोन कडवी तिने मोठ्याने म्हटली. तिसऱ्यात ती अडखळली. ओळ 'दर्या' या शब्दाने सुरू होत होती. भुजंगप्रयाताचे पहिले अक्षर लघू हवे. रफारामुळे 'द' गुरू झाला होता. 'कवीचं वृत्त चुकलंय,' ती म्हणाली, आणि वहीत तसे लिहूनही घेतले. पुढच्या चरणात सह्याद्री होता.

आम्ही तो जुना टंक मिळवला. त्यात चंद्रकोरी 'र'ला स्वतःचे वेगळे घर होते, आणि कवीने तेच वापरले होते. परिवर्तकाच्या तक्त्यात ते घर नव्हते. तसे वाचले की शब्द 'दऱ्या' होतो, 'द' लघू राहतो, कारण हा अर्धा र मागच्या अक्षरावर आघात देत नाही. रोमन पसाऱ्याच्या त्या चार कागदांत पाठ शुद्ध होता, वाचनीय झालेल्या प्रतीत तो बिघडला होता. वहीतला शेरा तिने खोडला. आता त्या अंकाच्या उरलेल्या पानांतील प्रत्येक रफार ती टंकाचा तक्ता शेजारी ठेवून तपासते आहे; पहिल्या आठवड्यात सतरा सापडले.